नावातल्या मोकळ्या जागेचा गुन्हा

काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयाचे सर्व्हर सांभाळत असे. दर शनिवारी मध्यरात्री एक स्क्रिप्ट आपोआप चालायची आणि मुदत संपलेली फोल्डरं पुसून टाकायची. पायथन भाषेतली, वीसेक ओळींची ती स्क्रिप्ट माझीच होती. लेखा विभागातल्या एका बाईंनी 'जुनी बिले' असं फोल्डर करून त्यात टाकाऊ स्कॅन ठेवले होते. शेजारीच 'बिले' नावाचं फोल्डर होतं, त्यात चालू वर्षाची सगळी बिलं. 'जुनी बिले'ची मुदत संपली, स्क्रिप्टने शेलला सांगितलं, 'पूस जुनी बिले.' शेलने मधली मोकळी जागा पाहिली आणि ती दोन नावं आहेत असं धरलं. 'जुनी' असं काही नव्हतंच. पण 'नसेल तर गप्प बस' हेही मीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे त्याबद्दल तक्रार आली नाही. 'बिले' मात्र होतं. ते गेलं. 'जुनी बिले' जागच्या जागी सुखरूप राहिलं आणि रविवारी सकाळी स्क्रिप्टने नोंद केली : काम यशस्वी.

बॅकअप होता म्हणून बिलं परत आली. मधल्या चार दिवसांचं काम मात्र पुन्हा करावं लागलं, आणि ते त्या बाईंनीच केलं. मग बैठक झाली. "फोल्डरच्या नावात स्पेस कशाला द्यायची, मॅडम?" असं त्यांना विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, "सर, दोन शब्द आहेत. दोन शब्दांत जागा सोडायला शाळेत शिकवलं होतं." कुणीतरी हसलं. आठवड्याभरात परिपत्रक निघालं की फाइल व फोल्डरच्या नावात स्पेस, अवतरणचिन्ह, कंस, अर्धविराम तसेच देवनागरी अक्षरे वापरू नयेत. देवनागरीचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. पण मनाई करायला बसलं की हात आखडत नाही. त्या परिपत्रकाचा मसुदा माझा होता.

त्याची लाज वाटायला मला बरीच वर्षं लागली. आज जे लिहितो आहे ते त्या लाजेपोटी. आपल्या धंद्यात अशी परिपत्रकं अजून निघतात, आणि ती काढणाऱ्यांना आपण फार व्यवहारी आहोत असं वाटतं, म्हणूनही.

शेल म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स घडत गेलं, त्याच्याबरोबर हा दुभाष्याही घडला. डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला आणि १९७३ साली केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइपची सोय केली. एका प्रोग्रॅमने ओतलेलं सरळ दुसऱ्याच्या ओंजळीत पडू लागलं. १९७९ साली स्टीफन बॉर्न यांचा शेल आला, आणि त्याची बोली आज जगभरच्या सर्व्हरवर चालते. या बोलीत मोकळी जागा शब्द तोडते, चांदणी म्हणजे 'सगळं', अर्धविराम म्हणजे 'हे काम संपलं, आता पुढचं'. समोर माणूस बसून एकेक ओळ टंकत असेल तर यापरती सुखाची बोली नाही. मी रोज तीच बोलतो. तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

दुखणं सुरू होतं ते माणसाच्या जागी प्रोग्रॅम बसला की. पायथन, पर्ल, रूबी, पीएचपी अशा भाषांत लिहिणाऱ्याला घडोघडी बाहेरची हत्यारं लागतात. फोटो लहान करायचे, व्हिडिओचा साचा बदलायचा, पीडीएफ जोडायच्या, जुनी फोल्डरं पुसायची. सगळ्यांत सोपी रीत म्हणजे अक्षरांना अक्षरं चिकटवून शेलची एक ओळ तयार करायची आणि दुभाष्याच्या हाती द्यायची. त्या ओळीतला काही भाग आपण लिहिलेला असतो, तो हुकूम. काही भाग दुसऱ्या कुणीतरी दिलेला असतो, तो मजकूर. दोन्ही एकदा चिकटले की हुकूम कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला हे सांगणारी खूण ओळीत उरत नाही.

मराठी माणसाला हा धोका वेगळा समजावून सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याबद्दलची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो, की हुकूम 'धरावे' असा होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला. ती खरी की रचलेली याचा निवाडा इतिहासकार करोत. पण त्या कथेत निदान अक्षर बदलणारं कुणीतरी लागतं. माझ्या स्क्रिप्टला आनंदीबाईंचीही गरज पडली नाही. तिथे मोकळ्या जागेनेच 'ध'चा 'मा' केला.

आणि खरी चीड पुढेच आहे. युनिक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ही गफलत मुळात ठाऊकच नाही. नवा प्रोग्रॅम सुरू करताना तो सलग ओळ मागत नाही. शब्दांची यादी मागतो. प्रत्येक शब्द आपापल्या बंद पाकिटात. आत मोकळी जागा असो की अवतरणचिन्ह, पाकीट फुटत नाही. फाइलच्या नावांबद्दलही त्याचा कायदा उदार आहे. तिरपी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट एवढे दोन सोडले तर नावात काहीही चालतं, अगदी मधोमध नवी ओळसुद्धा. म्हणजे कायद्याने त्या बाई निर्दोष होत्या. सरळ दारातून पाकिटं देता येत असताना मी मधे दुभाष्याला उभा केला, त्याच्या कानात सगळं एका दमात पुटपुटलो, आणि त्याने चुकीचं ऐकलं म्हणून दंड मात्र लावला तिसऱ्याच माणसाला.

माझा प्रकार अपघाताचा होता. अपघाताला निदान हेतू नसतो. पण जिथे चुकून घुसता येतं तिथे ठरवूनही घुसता येतं. वेबसाइटने नाव विचारावं, कुणी नावापुढे अर्धविराम देऊन एक आज्ञा लिहावी आणि सर्व्हरने ती निमूट पाळावी, या प्रकाराला कमांड इंजेक्शन म्हणतात. सप्टेंबर २०१४मध्ये बॅश या सर्वत्र पसरलेल्या शेलमधला 'शेलशॉक' दोष उघड झाला. वेबसर्व्हर पाहुण्याकडून आलेली माहिती शेलच्या भोवतीच्या चलांमध्ये ठेवून देत. ती माहिती एका ठरावीक आकाराची असली की बॅश तिला व्याख्या समजून वाचायचा आणि तिच्या शेपटाला जोडलेली आज्ञा चालवून टाकायचा. हा दोष १९८९ पासून तिथेच होता. पंचवीस वर्षं मजकूर आणि हुकूम एकाच अंथरुणावर झोपत होते आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

यावर आपल्या धंद्याने शोधलेला पारंपरिक उपाय म्हणजे शुद्धी. बाहेरून आलेला मजकूर ओवळा. त्याच्यावर तिरप्या रेघा शिंपडायच्या, त्याला अवतरणचिन्हांचं सोवळं नेसवायचं आणि मग शेलच्या देवघरात घ्यायचं. विधी नीट झाला तर फळ मिळतं, हे मान्य. पण विधीचं दुखणं हे की तो कुणी केला, किती वेळा केला, कुणाचं राहून गेलं, हे पाहून कळत नाही. डिसेंबर २०१६मध्ये पीएचपीमेलर या ईमेल पाठवणाऱ्या प्रसिद्ध लायब्ररीत असाच दोष निघाला. पाठवणाऱ्याचा पत्ता हा मजकूर. तो पुढे टपाल धाडणाऱ्या प्रोग्रॅमच्या आज्ञेत जात होता. दुरुस्ती म्हणून लायब्ररीने त्यावर शुद्धीचा एक संस्कार चढवला. पीएचपी भाषा आतून स्वतःचा वेगळा संस्कार आधीच करत होती. दोन संस्कारांनी एकमेकांना छेद दिला, दार पुन्हा उघडं पडलं आणि काही दिवसांत दुसरी दुरुस्ती काढावी लागली. दोनदा सोवळं नेसून माणूस उघडा पडला, अशी ही गोष्ट. कर्मकांडावर उभ्या केलेल्या सुरक्षिततेची गत अशीच होते, कारण कर्मकांड मूळ प्रश्नाला हात घालत नाही. हुकूम आणि मजकूर एका ओळीत आणायचेच कशाला, हा तो प्रश्न.

हा प्रश्न एका जुन्या धंद्याने विचारला होता आणि सोडवलाही होता. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन यंत्रणेत एके काळी २६०० हर्ट्झचा सूर म्हणजे 'ही तार मोकळी आहे' असा यंत्रांमधला इशारा होता, आणि तो माणसांच्या बोलण्याच्याच तारेवरून जायचा. न्याहारीच्या डब्यातून फुकट मिळणाऱ्या एका खेळण्यातल्या शिट्टीतून नेमका तोच सूर निघतो हे काही उपद्व्यापी पोरांना समजलं आणि फुकट फोनचा धुमाकूळ सुरू झाला. पोरांवर खटले झाले, हे खरं. पण रोग गेला तो खटल्यांनी नव्हे. १९७६ पासून इशाऱ्यांसाठी वेगळी वाट बांधायला सुरुवात झाली. बोलणं एका तारेवर, हुकूम दुसऱ्या. मग शिट्टी कितीही फुंका, ती नुसती शिट्टी राहिली. ही यंत्रणा होती एटी अँड टी कंपनीची. ज्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मलं, त्या प्रयोगशाळेची मालकीणही तीच. टेलिफोनवाल्यांना उमगलेलं शहाणपण स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांपर्यंत पोचायला मात्र अजून वेळ लागतो आहे.

का लागतो? लोक मूर्ख आहेत म्हणून? नाही. सुरक्षित वाट खडकाळ ठेवली आणि धोक्याची वाट डांबरी केली, म्हणून. पायथनचं पाहा. २००४च्या २.४ आवृत्तीत पीटर आस्ट्रँड यांच्या प्रस्तावातून सबप्रोसेस हे मॉड्यूल आलं. काही सांगितलं नाही तर ते शेलला मधे घेतच नाही. यादी घेतं आणि पाकिटं सरळ कर्नलला देतं. रचना उत्तम. पण यादी लिहायची म्हणजे प्रत्येक शब्दाला अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम. पाइप जोडायचा तर शेलमध्ये एक उभी रेघ पुरते तिथे पाच-सहा ओळी. रात्री साडेअकराला काम संपवायची घाई झालेला माणूस काय करणार? 'शेल=ट्रू' एवढं लिहितो आणि दुभाष्याला परत आत घेतो. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये तर नावांनीच न्याय केला आहे. 'एक्झेक' हे आखूड, जिभेवर बसणारं नाव शेलमधून जाणाऱ्या फंक्शनला, आणि 'एक्झेकफाइल' हे लांबडं, अर्थ न कळणारं नाव शेल टाळणाऱ्याला. ज्या गावात दारूचं दुकान वेशीवर आणि पाण्याचा नळ तीन मैलांवर, तिथे व्यसनमुक्तीची व्याख्यानं देण्यात काय हशील?

म्हणून माझं म्हणणं असं. शेलच्या आज्ञा चालवणं सोपं करणं ही निव्वळ सोयीची बाब नाही, ती नीतीची बाब आहे. अट एकच, जे सोपं असेल तेच सुरक्षित असलं पाहिजे. हे अशक्य नाही, कारण करून दाखवलेलं आहे. २०१२ साली लोकांपुढे आलेल्या ज्युलिया भाषेत बॅकटिक चिन्हांमध्ये शेलसारखीच दिसणारी ओळ लिहायची. पण ती ओळ शेलकडे जातच नाही. भाषा ती स्वतः वाचते, लेखकाने लिहिलेला हुकूम आणि मधे घातलेला मजकूर वेगवेगळे ओळखते, आणि नावात कितीही जागा असल्या तरी ते एकच पाकीट धरते. मजकुराच्या जागी यादी दिली तर तेवढी पाकिटं. आज्ञा फसली तर पुढे रेटत नाही, काम थांबवून ओरडते. गूगलमधून २०२१ साली आलेल्या झेडएक्स या हत्याराने जावास्क्रिप्टसाठी असंच केलं. ते शेल वापरतं, पण घातलेल्या मजकुराला अवतरणात ठेवण्याचं काम लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोडत नाही. 'जुनी बिले' या दोन्ही ठिकाणी 'जुनी बिले'च राहिलं असतं, आणि मला चिकटवण्यापेक्षा एक अक्षरही जास्त लिहावं लागलं नसतं.

ओरडण्याबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण अर्धं पाप मोकळ्या जागेचं असलं तरी अर्धं गप्प बसण्याचं आहे. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. जुन्या रीतीत हा आकडा पाहणं ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक ते राहून जातं. पाइपमध्ये तर शेल एरवी फक्त शेवटच्या आज्ञेचा आकडा धरतो. पहिलीने बॅकअप काढता काढता मान टाकली आणि शेवटचीने आलेल्या चार ओळी इमाने दाबून ठेवल्या, तरी निकाल यशस्वी. सरकारी कचेरीत फाइलवरची शेवटची सही तेवढी पाहावी आणि आधीच्या पाच टेबलांवर काय झालं ते विचारूच नये, तसं. 'पाइपफेल' नावाचा उपाय बॅशमध्ये आहे, पण तो मागावा लागतो. खरं बोलणं मागितल्यावरच मिळत असेल तर ती सवय नव्हे, मेहेरबानी आहे.

आता आक्षेप. पहिला, 'चांगल्या प्रोग्रामरला हे ठाऊक असतं. सावध राहिलं की झालं.' सावधपणा हा गुण आहे, पण तो थकतो, सुट्टीवर जातो, नोकरी बदलतो. ज्या व्यवस्थेला रोज, प्रत्येक ओळीला, प्रत्येकाचा सावधपणा लागतो, ती व्यवस्था चांगल्या माणसांना गुन्हेगार ठरवण्याचा कारखाना होते.

दुसरा आक्षेप, 'सोपं केलं की लोक बेफिकीर होतात.' घरातला प्रेशर कुकर पाहा. ज्याचं झाकण आतून बसतं, तो वाफ कोंडलेली असेपर्यंत उघडतच नाही. त्यामुळे आपल्या आया-बहिणी बेफिकीर झाल्या असं कुणी म्हणत नाही. त्यांचं लक्ष झाकणावरून सुटून डाळीकडे गेलं, आणि स्वयंपाकाला लक्ष तिथेच हवं असतं. कष्टातून आलेलं ज्ञानच खरं, हा पवित्रा ज्यांनी कष्ट सोसले त्यांनाच परवडतो. आपण पोळलो म्हणून पुढच्याचेही हात पोळावेत, याला शिक्षण म्हणत नाहीत, सासुरवास म्हणतात.

तिसरा आक्षेप वजनदार आहे, 'बाहेरच्या आज्ञा चालवायच्याच कशाला? भाषेतली फंक्शनं वापरा.' फोल्डर पुसायला, फाइल हलवायला हे अगदी खरं; माझ्या स्क्रिप्टला शेलची गरजच नव्हती, पायथनचं स्वतःचं फंक्शन पुरलं असतं. पण व्हिडिओचा साचा बदलणारं एफएफएमपेग किंवा गिट यांच्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. ती टाकून प्रत्येक भाषेने आपापली चूल मांडावी हा शहाणपणा नव्हे. चांगली हत्यारं एकमेकांच्या हाती देता यावीत, यासाठीच तर पाइप जन्माला आला.

हेही कबूल करतो की पाकिटांची रीत सर्वरोगहर मात्रा नाही. फाइलचं नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल तर पाकीट शाबूत राहूनही समोरचा प्रोग्रॅम त्याला सूचना समजू शकतो. म्हणून नावांच्या आधी दोन आडव्या रेघा देऊन 'आता सूचना संपल्या' असं सांगावं लागतं. विंडोजमध्ये प्रोग्रॅमला यादी नव्हे, सलग ओळच मिळते आणि तिचे तुकडे ज्याचे त्याने करायचे. २०२४च्या एप्रिलमध्ये यातूनच रस्टसारख्या काटेकोर भाषेच्या मानक लायब्ररीत बॅच फाइलींबाबत गंभीर दोष निघाला. पण त्या वेळी काय झालं तेही पाहा. भाषेने स्वतःची लायब्ररी दुरुस्त केली, आणि जिथे खात्री देता येणार नाही तिथे आज्ञा चालवायला नकार द्यायला तिला शिकवलं. बॅच फाइलींना असली नावं देऊ नका, असं परिपत्रक काढून ती मोकळी झाली नाही.

कारण अशा परिपत्रकांची किंमत कुणीतरी मोजत असतं. वसईपासून गोव्यापर्यंत कितीतरी घरांत रोमन लिपीतल्या आडनावात 'डी' आणि 'सोझा' यांच्या मधे वर एक छोटं चिन्ह असतं. शेलच्या लेखी ते अवतरणचिन्ह. डेटाबेसच्या लेखीही बहुधा तेच. एखादा ऑनलाइन अर्ज भरताना 'अवैध अक्षर' अशी लाल ओळ उमटते आणि माणूस स्वतःच्या आडनावातलं एक चिन्ह गाळून पुढे जातो. मग पासपोर्टवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत याचं प्रतिज्ञापत्र करायला तो वकिलाच्या दारात. कुणा प्रोग्रामरला ओळ चिकटवायची सवय होती, आणि ती सोडण्यापेक्षा कितीतरी लोकांना नाव बदलायला लावणं त्याला सोपं वाटलं! 'अवैध' कोण, याचा निकाल इथे आरोपीनेच दिलेला असतो.

तेव्हा ज्याच्या हाती जे आहे त्याने ते करावं. भाषा आणि लायब्रऱ्या घडवणाऱ्यांनी आखूड, गोड नाव सुरक्षित रीतीला द्यावं आणि धोक्याच्या रीतीला लांबलचक. कॉलेजात शिकवणाऱ्यांनी पहिल्या तासाला चिकटवलेली ओळ फळ्यावर लिहू नये. 'पुढे नीट रीत शिकवू' म्हणतात, तो पुढचा तास कधी येत नाही. दुसऱ्याचा कोड तपासणाऱ्याने 'शेल=ट्रू' दिसलं की थांबून 'का' विचारावं. आता कोड लिहून देणारी यंत्रंही आली आहेत आणि ती आपल्याच जुन्या वह्या वाचून शिकली आहेत. तेव्हा त्यांच्या ओळींनाही हाच प्रश्न. आणि आपण सगळ्यांनी चाचणीची पहिली फाइल 'अ' नावाची करू नये. तिच्या नावात मोकळी जागा, अवतरणचिन्ह आणि दोन मराठी शब्द असू द्यावेत.

त्या स्क्रिप्टमधली चुकीची ओळ मी पुढे बदलली. चार मिनिटं लागली. परिपत्रक मागे घ्यायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला, कारण चूक नावात नव्हती हे आधी बैठकीत सांगावं लागलं. मधल्या काळात त्या बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे ते ज्यांना ऐकवायला हवं होतं त्या ऐकायला नव्हत्या. परवा कामानिमित्त त्या कार्यालयात गेलो. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण मुलगी बसते. तिने नवं फोल्डर केलं आणि नाव टंकलं. पहिला शब्द, मग खालची रेघ, मग दुसरा शब्द. मी म्हटलं, "अगं, जागा सोडली तरी चालतं आता." ती म्हणाली, "असू दे सर, इथे असंच लिहितात."

परिपत्रक भिंतीवरून उतरलं आहे. ती रेघ अजून उतरलेली नाही.